सुट्टीच्या दिवशी वाढणारा खोकला

पिंपरी-भोसरी पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी रात्री छाती भरून येते, खोकल्याने झोप लागत नाही आणि कामाचे चार दिवस गेले की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. कारखान्यातील धुराने किंवा धुळीने होणारा दमा बहुधा याच्या उलट वागतो. सुट्टीत तो कमी होतो. म्हणून विचारले, "सुट्टीत घरी काय करता?"

"विशेष काही नाही, डॉक्टर. शेजारपाजारचे एलईडी बल्ब, चार्जर, मिक्सर दुरुस्त करतो. डाग द्यायचे काम."

हे काम चाले स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पंखा बंद करून. वाऱ्याने आयर्न थंड होते म्हणून!

आयटीआय झालेली, दिवसभर वायरिंग जोडणारी माणसे आपल्या भागात घरोघर आहेत. त्यांच्या घरी असे एखादे टेबल असतेच. छंद चांगला आहे, चार पैसेही मिळतात. परंतु हत्यारांची खरेदी करताना माणूस कामाचा विचार करतो, फुप्फुसांचा करीत नाही.

डाग देताना उठणारा धूर शिशाचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. शिसे उकळायला १७०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते आणि आयर्नचे टोक असते ३५० अंशांच्या आसपास. तो पांढरा धूर सोल्डरच्या तारेत भरलेल्या राळेचा असतो. या राळेच्या धुराने दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. त्रास कधी लगेच होतो, तर कधी काही तासांनी, रात्री. एकदा शरीराला या धुराचे वावडे झाले की मग थोडासा धूरही पुरतो.

तेव्हा पहिली खरेदी पंख्याची करावी. जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा आणि तसाच अडॅप्टर असला तरी काम भागते. तो तुमच्या समोरच्या बाजूला, धूर तुमच्यापासून खिडकीकडे ओढून नेईल असा लावावा. तोंडावर वारा घेऊ नये. रुमाल बांधून काही उपयोग होत नाही.

मग शिशाचे काय? ते तोंडावाटे पोटात जाते. नेहमीच्या ६०-४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसे असते. तार हाताळलेल्या बोटांनीच चिवडा खाल्ला, किंवा खाली पडलेले कण रांगत्या बाळाच्या हाताला लागले, की झाले. लहान मुलांच्या रक्तात शिसे अमुक इतके असले तरी चालेल, अशी कोणतीही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर 'लेड-फ्री' तार घ्यावी, असे माझे मत आहे. ती वितळायला जास्त उष्णता लागते, डाग तितका चकचकीत बसत नाही, आणि धूर मात्र तिचाही होतो. कोणतीही तार वापरा, ओटा हे त्या कामाचे ठिकाण नव्हे. वेगळी फळी घ्यावी, खाली ट्रे ठेवावा, काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. केरसुणीने झाडू नये. हात साबणाने धुवावेत.

आयर्न २५ वॅटचे, तीन पिनांचे आणि स्प्रिंगच्या स्टँडसह घ्यावे. पण भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. नसली तर तिसरी पिन शोभेची. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतलात तर उत्तम.

विजेबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. दुरुस्ती करणारे सिरीज बोर्ड वापरतात, ते योग्यच आहे. शॉर्ट झालेली वस्तू जळत नाही, बल्ब पेटतो. परंतु १०० वॅटच्या बल्बमधून जवळजवळ अर्धा अँपिअर प्रवाह जाऊ शकतो आणि माणसाचे हृदय बंद पडायला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही पुरतो. सिरीज बल्ब वस्तू वाचवतो, तुम्हाला नाही. प्लग काढल्यानंतरही चार्जरच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब राहिलेला असू शकतो. मीटरने पाहिल्याशिवाय बोट लावू नये. स्वस्त एलईडी बल्बची ॲल्युमिनियमची पट्टीही बल्ब चालू असताना झटका देऊ शकते. मायक्रोवेव्ह ओव्हन तर घरी उघडूच नये. फुगलेली मोबाइल बॅटरी टोचू नये, दाबू नये. ती पेट घेते.

पुण्यातील तपकीर गल्लीत हे सारे सामान मिळते. तिथे मीटर घेताना १० अँपिअरच्या भोकाशी 'अनफ्यूज्ड' असे छापले आहे का, ते वाचा. तसे असेल तर त्या भोकाच्या वाटेत फ्यूज नाही. घरातील विजेवर वापरायचा मीटर थोडा महाग पण फ्यूजवाला घ्यावा. कटरने कापलेले तारेचे टोक गोळीसारखे उडते, म्हणून साधा गॉगलही पिशवीत टाका. भाजल्यावर लावायला काही विकत घेण्याची गरज नाही. वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट लावू नये.

त्या गृहस्थांनी टेबल गॅलरीत नेले, पंखा बसवला. खोकला कमी झाला, पण थांबला नाही. शरीराने राळेशी वैर धरले होते. आता ते फक्त तपासणी करतात. डाग द्यायला मेहुणा येतो, आणि तेवढा वेळ हे खाली चक्कर मारून येतात.