जावाची बांधाबांध : भाग ६
पॅकेजमध्ये हरवलेला रविवार

मागच्या भागात जेलिंकने आटोपशीर रनटाइम कसा बांधायचा ते पाहिले. या वेळचा बिघाड त्यातूनच निघतो आणि तो ओळखणे अवघड जाते, कारण एरर येतच नाही. प्रोग्राम चालतो, फक्त मराठी गायब होते.

तपासणीसाठी चवदार तळ्याच्या लढ्यातल्या तीन तारखा घेऊ. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आंबेडकर तळ्याचे पाणी प्यायले. २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्याच दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला. लोकेल मराठी ठेवून या तारखांचे वार छापा. पूर्ण जेडीकेवर रविवार, रविवार, बुधवार असे उत्तर येते. जेलिंकने बांधलेल्या रनटाइमवर तेच वार इंग्रजीत उमटतात. महाडचा इतिहास मराठी वाचकापुढे मांडणाऱ्या ॲपमध्ये हे खपवून घेता येणार नाही.

असे का होते? जेलिंक तुमच्या मॉड्यूलपासून सुरुवात करते आणि मॉड्यूल-इन्फोमधल्या 'रिक्वायर्स'च्या ओळी धरून पुढे जाते. मराठी वारांची नावे असतात 'जेडीके डॉट लोकेलडेटा' या मॉड्यूलमध्ये. ते कोणाच्याच 'रिक्वायर्स'मध्ये नसते. 'जावा डॉट बेस' एक सेवा मागते आणि लोकेलडेटा ती पुरवते, एवढाच दोघांचा संबंध. पूर्ण जेडीकेवर प्रोग्राम सुरू होताना जावा असे पुरवठादार आपणहून शोधते. जेलिंक मात्र, आकार लहान राहावा म्हणून, सांगितल्याशिवाय त्यांना आत घेत नाही. बेसमध्ये असतात फक्त इंग्रजी नावे. कोणती मॉड्यूल्स लागतात ते शोधणारे जेडेप्स हे साधनही इथे कामाचे नाही, कारण ते क्लास फायलींतले थेट उल्लेख वाचते.

'बाइंड-सर्व्हिसेस' हा पर्याय दिला की मराठी परत येते, पण सोबत नको असलेली कितीतरी मॉड्यूल्सही येतात. म्हणून मी तो सुचवत नाही. 'ॲड-मॉड्यूल्स'मध्ये लोकेलडेटाचे नाव स्वतः लिहावे आणि 'इन्क्लूड-लोकेल्स'मध्ये इंग्रजीसोबत मराठीचा कोड, एमआर-आयएन, द्यावा. सगळ्या भारतीय भाषा हव्या असतील तर कोडमध्ये भाषेच्या जागी तारांकन चालते. नेमके कोणते मॉड्यूल राहिले हे कळत नसेल, तर जेलिंकचाच 'सजेस्ट-प्रोव्हायडर्स' हा पर्याय कोणती सेवा कोण पुरवते ते दाखवतो.

जावा २२ च्या आधीच्या आवृत्त्यांत सुरक्षित जोडणीचेही असेच होई. 'जेडीके डॉट क्रिप्टो डॉट ईसी' राहून गेले की काही सर्व्हरांशी हँडशेक फसे, आणि दोष नेटवर्कवर जाई. पुढे तो भाग बेसमध्येच आला.

रनटाइमसह ॲपचे इन्स्टॉलर बनवणारे जेपॅकेज वापरत असाल तर आणखी एक अडचण आहे. ते नेहमीच्या सेटिंगमध्ये रनटाइममधून 'जावा' ही आज्ञाच काढून टाकते, त्यामुळे 'लिस्ट-मॉड्यूल्स' चालवता येत नाही. अशा वेळी रनटाइमच्या फोल्डरमधली 'रिलीज' नावाची फाइल उघडा. तिच्यातल्या 'मॉड्यूल्स' या ओळीत आत आलेल्या सगळ्या मॉड्यूल्सची नावे असतात. लोकेलडेटा तिथे नसेल, तर कोडला हात न लावता आधी जेपॅकेजची आज्ञा दुरुस्त करा, आणि तिन्ही तारखा जावा न बसवलेल्या संगणकावर पुन्हा छापून पाहा.