नाव एक, ग्रंथकार अनेक

ग्रंथालयाची सूची चाळणाऱ्या वाचकाची एक सरळ समजूत असते. एका नावाखाली जेवढी पुस्तके नोंदलेली असतील, तेवढी सारी एकाच लेखकाची, असे तो धरून चालतो. त्यांतील एक पुस्तक ओवीबद्ध चरित्रांचे, दुसरे वेदान्तपर पदांचे, तर तिसरे व्यवहारशास्त्राचे निघाले, तर लेखकाच्या चौफेर बुद्धीचे त्याला कौतुकच वाटते. परंतु जुन्या वाङ्मयाच्या बाबतीत हे कौतुक पुष्कळदा अस्थानी ठरते. ती पुस्तके निरनिराळ्या शतकांतील व निरनिराळ्या गावांतील माणसांची असतात. त्यांच्यात समान असते ते केवळ नाव.

असा घोटाळा सर्वत्र होतो. पण बीदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरील जिल्ह्यांत त्याला विशेष वाव मिळाला. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षीच्या भाषावार पुनर्रचनेत ते तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले, आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. राज्याची सीमा आखता आली, तरी वाङ्मयाची सीमा तशी आखता येत नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या भागांत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. त्यांच्या जोडीला दखनी आहे आणि पलीकडे तेलुगूही आहे. देवाचे किंवा गुरूचे नाव मुलाला ठेवण्याची चाल सर्वांचीच. त्यामुळे तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या आणि भाषेभाषेत फिरत राहिली.

आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथे सोमेश्वर ह्या नावाचे चार राजे होऊन गेले. त्यांपैकी तिसरा सोमेश्वर हा ग्रंथकार होता. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेला त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे राजनीती, पाकशास्त्र, संगीत, हत्तीघोड्यांची परीक्षा, चित्रकला अशा नाना विषयांचा कोशच होय. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांनाही तो मोलाचा वाटतो. पुढे तेराव्या शतकात गुजरातेत सोमेश्वर नावाचाच एक विद्वान पुरोहित झाला. त्याने मंत्री वस्तुपालाच्या गौरवार्थ ‘कीर्तिकौमुदी’ हे काव्य लिहिले. एकाने कोश रचला, दुसऱ्याने काव्य. एक राजा, दुसरा राजाश्रयाचा कवी. येथे गोंधळ झाला नाही, कारण राजाला ‘भूलोकमल्ल’ असे बिरुद होते आणि दोघांचे देशकाल ग्रंथांतूनच स्पष्ट होते. राजाचे नाव असे सुरक्षित राहते. सामान्य माणसाच्या नावाला मात्र दुसरा आधार शोधावा लागतो.

तो आधार बाराव्या शतकात ह्याच कल्याण नगरीत बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी शोधला होता. त्यांच्यात मारय्या नावाचे एकाहून अधिक शरण होते. एक आय्दक्की मारय्या. हे सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करीत. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून यावयास लावले, अशी कथा प्रसिद्ध आहे. दुसरे मोळिगे मारय्या. हे लाकडाची मोळी विकीत. ते मूळचे काश्मीरचे राजे होते, असे परंपरा सांगते. दोघेही वचनकार. नावामागे व्यवसाय लावल्याने लोकांत त्यांची ओळख पटे. पण खुद्द वचनात ओळख पटावी कशी? त्यासाठी प्रत्येक शरण आपल्या वचनाच्या शेवटी आपल्या इष्टदेवाचे नाव गुंफीत असे. कन्नडमध्ये ह्याला ‘अंकित’ म्हणतात. मराठी वाचक त्याला नाममुद्रा म्हणून ओळखतो. आय्दक्की मारय्यांचे अंकित ‘अमरेश्वरलिंग’, मोळिगे मारय्यांचे ‘निष्कलंक मल्लिकार्जुन’. लक्कम्माच्या अंकितात तर ‘मारय्याला प्रिय असलेला अमरेश्वरलिंग’ असा उल्लेख येतो; त्यावरून ती कोणत्या मारय्यांची पत्नी, हेही कळते. मोळिगे मारय्यांच्या पत्नीचे नाव महादेवी. उडुतडीच्या सुप्रसिद्ध अक्कमहादेवींचे नावही तेच. परंतु ‘चेन्नमल्लिकार्जुन’ हे अंकित दिसले, की वचन अक्कमहादेवींचे हे निश्चित होते. तांदूळ वेचणाऱ्या आणि मोळी विकणाऱ्या माणसांचे शब्द आठशे वर्षांनंतरही ज्याचे त्याच्या नावे राहिले, ते ह्या एका पद्धतीमुळे.

मराठी संतकवींनी मात्र नाममुद्रेत बहुधा स्वतःचेच नाव घातले. त्यामुळे मुद्रा असूनही प्रश्न उरतो. तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा ही दोन माणसे. नामदेव हे अभंगांचे कवी. विष्णुदास नामा ह्यांनी महाभारत ओवीत आणले. पण दोघांच्याही मुद्रेत ‘नामा’ हा शब्द येतो. गाथा उतरून घेणाऱ्यांनी ‘नामा’ दिसताच रचना थोर नामदेवांच्या पदरात टाकली. परिणामी नामदेवांच्या गाथेत दुसऱ्याचे अभंग मिसळले, आणि विष्णुदास नामा सामान्य वाचकाच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले. मोठ्या नावाच्या छायेत लहान नाव असे नाहीसे होते. वस्तुतः नुकसान मोठ्याचेही होते. कारण त्याने जे लिहिलेच नाही, त्यावरून त्याची पारख होऊ लागते.

सीमाभागात ह्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. भाषा वेगळी असली, की एकाच नावाचे दोन लेखक परस्परांना झाकून टाकतात. महिपती म्हटले, की मराठी वाचकाला ताहराबादचे महिपती आठवतात. त्यांचा जन्म १७१५ चा आणि मृत्यू १७९० चा. ‘भक्तविजय’ हा त्यांचा ओवीबद्ध संतचरित्रांचा ग्रंथ १७६२ मध्ये पूर्ण झाला. परंतु विजापूर भागातील काखंडकी येथे त्यांच्या आधीच्या शतकात आणखी एक महिपती होऊन गेले. ते आदिलशाहीच्या चाकरीत होते. पुढे सारवाडच्या भास्करस्वामींचा अनुग्रह घेऊन त्यांनी परमार्थाचा मार्ग धरला. त्यांची पदे मुख्यतः कन्नडमध्ये असली, तरी मराठीतही आहेत. पुत्र कृष्णदास ह्यांनी आपल्या नाममुद्रेत पित्याचे नाव गुंफल्यामुळे गुंतागुंत आणखी वाढते. कन्नड वाचक एका महिपतींना ओळखतो, मराठी वाचक दुसऱ्यांना. बीदर किंवा कलबुर्गीच्या एखाद्या घरी जुन्या वहीत महिपतींच्या नावाचे मराठी पद सापडले, तर ते ताहराबादचे असेल तसे काखंडकीचेही असू शकेल. केवळ ते मराठीत आहे म्हणून निकाल देता यावयाचा नाही.

नावाच्या साम्यामुळे एका भाषेच्या इतिहासाचा आरंभच कसा सरकतो, ह्याचे उदाहरण खुद्द कलबुर्गीत आहे. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज ह्यांचे मूळ नाव सय्यद मुहंमद हुसैनी. १४०० च्या सुमारास ते दिल्लीहून दख्खनमध्ये आले आणि १४२२ मध्ये कलबुर्गी येथे निवर्तले. त्यांचा दर्गा आजही सर्व धर्मांच्या लोकांचे श्रद्धास्थान आहे. ‘मेराजुल आशिकीन’ हे दखनी गद्यातील छोटे पुस्तक त्यांचे म्हणून मौलवी अब्दुल हक ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध केले, आणि बंदेनवाज हे उर्दूचे आद्य गद्यलेखक म्हणून पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे १९६८ च्या सुमारास हफीज कतील ह्या संशोधकाने पुस्तकातील विचारांची मांडणी आणि गुरुपरंपरा तपासली. हे पुस्तक विजापूरच्या मखदूम शाह हुसैनी ह्यांचे, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनंतरचे आहे, असे त्यांनी दाखविले. ‘हुसैनी’ ह्या एका नावाने अडीच शतकांचे अंतर झाकले होते. ह्या शोधाने बंदेनवाजांचे थोरपण तिळभरही उणावले नाही. त्यांच्या फारसी ग्रंथांवर ते भक्कम उभे आहे. न्याय मिळाला तो विस्मृतीत गेलेल्या दुसऱ्या हुसैनींना.

ही चिकित्सा आधुनिकांचीच आहे, असे मात्र नाही. बायबलच्या नव्या करारात संत योहानाचे शुभवर्तमान आहे आणि योहान नावाच्या लेखकाचेच ‘प्रकटीकरण’ हे पुस्तकही आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस ह्यांनी दोन्ही ताडून पाहिली. एकाचे ग्रीक शुद्ध व ओघवते, तर दुसऱ्याचे व्याकरणदृष्ट्या ओबडधोबड. एकातील आवडते शब्द दुसऱ्यात नाहीत. त्यावरून हे दोन योहान असावेत, असे मत त्यांनी मांडले. विशेष हे, की प्रकटीकरणाला त्यांनी त्याज्य म्हटले नाही. ग्रंथ पूज्य असला, तरी तो कोणी लिहिला हे विचारण्यात अनादर नाही, हा धडा सतराशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

ह्याच्या अगदी उलट प्रकारही बीदरने दाखविला आहे. तेथील शहा मुंतोजी बहामनी हे मराठी ग्रंथकार. परंपरा त्यांना बहामनी राजकुळातील मानते. कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्यत्व पत्करल्यावर ते मृत्युंजय झाले. लिंगायत समाजात त्यांना ज्ञानसागर अय्या म्हणतात. ‘सिद्धसंकेतप्रबंध’, ‘प्रकाशदीप’ इत्यादी ग्रंथ त्यांचे. सूची करणारा दक्ष नसेल, तर येथे एका माणसाची तीन माणसे व्हावयाची: एक मुसलमान, एक लिंगायत आणि एक वेदान्ती. नाव एक असल्याने अनेक माणसे एक होतात, तशी नावे अनेक असल्याने एका माणसाचे तुकडेही पडतात.

छापखान्यांच्या युगात आद्याक्षरांनी हे काम बरेच सोपे केले. द. रा. बेंद्रे हे धारवाडचे कन्नड महाकवी, घरची भाषा मराठी, वा. सी. बेंद्रे हे मराठी इतिहाससंशोधक, संभाजी महाराजांचे चरित्रकार. नोंद केवळ ‘बेंद्रे’ अशी केली, तर कविता आणि इतिहास एकाच खणात जाऊन पडतील. दोन आद्याक्षरे लिहिण्याचा आळस एवढी उलथापालथ करू शकतो.

मग सामान्य वाचकाने काय करावे? पाच गोष्टी पाहाव्यात: कवीची नाममुद्रा, त्याने सांगितलेले गुरूचे नाव, ग्रंथसमाप्तीचा शक, गावाचा उल्लेख आणि भाषेची धाटणी. ह्यांपैकी एकच गोष्ट जुळली तर थांबावे. तीन-चार जुळल्या तरच नाव निश्चित करावे. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात नोंद करताना नावापुढे गाव आणि शतक लिहिण्याचा प्रघात पाडावा. ‘महिपती’ एवढेच न लिहिता ‘महिपती, काखंडकी, सतरावे शतक’ असे लिहिण्यास अर्धी ओळ अधिक लागते.

सीमाभागातील अनेक घरांत आजही पोथ्या व भजनांच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या उघडताना ‘हे आमच्या भाषेचे की तुमच्या?’ हा प्रश्न आधी मनात येतो. त्यापूर्वी ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याने लिहिले त्याच्या नावे ते नोंदविणे, हे त्याच्या श्रमाचे देणे आहे. गरजेहून अधिक आणलेले तांदूळ परत करावयास लावणाऱ्या लक्कम्माच्या प्रदेशात, दुसऱ्याचे धन थोराच्या नावावर चढवून ठेवणे शोभणारे नाही.