सोलापूरहून रायचूरला गेलेली तार

लासलगावात कांद्याचा भाव पडला, की शेतकरी माल चाळीत ठेवून थांबू शकतो. विजेला अशी चाळ जवळजवळ नाहीच. तयार झाली त्या क्षणी ती कुणीतरी वापरायला हवी, आणि त्याच्यापर्यंत नेणाऱ्या तारेत जागाही हवी. या जागेवरच गावोगावचा भाव ठरतो.

इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर उद्याच्या विजेचे सौदे आज होतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे, प्रत्येकाचा भाव वेगळा. आधी साऱ्या देशाची मागणी आणि पुरवठा जुळवून एकच भाव काढतात. मग एवढी वीज तारांतून जाईल का, ते पाहतात. गेली तर देशभर तोच भाव. तारा अपुऱ्या पडल्या तर बाजार फुटतो. अलीकडे वीज पडून राहते आणि भाव उतरतो, पलीकडे चढतो.

दक्षिणेने हे फार सोसलं. तिथलं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या केंद्रात एसी वीज डीसी करून, पुन्हा एसी करून पलीकडे पाठवावी लागे. तिथली क्षमता 1000 मेगावॉट. अशी मोजकीच दारं होती आणि ती भरली, की इकडे वीज शिल्लक असूनही तमिळनाडूत तासन्‌तास भारनियमन चाले.

31 डिसेंबर 2013 ला सोलापूर–रायचूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि सगळा देश 50 हर्ट्झच्या एका ठेक्यावर आला. भाव मात्र लगेच जुळले नाहीत, कारण एकट्या वाहिनीने भागणारं नव्हतं. पुढे वाहिन्या वाढल्या, तशी दरी बुजत गेली. नव्या वीजकेंद्राचं कौतुक होतं, तसं या मनोऱ्यांचं कधी होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाव जुळले म्हणजे टंचाईही वाटून घ्यावी लागते. राजस्थानात ऊन तापलं, की दुपारी महाराष्ट्रालाही स्वस्त वीज मिळते. उन्हाळ्यात सूर्य मावळला, की भाव सगळीकडे एकदमच चढतो आणि कधीकधी युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो.

बाजार फुटण्याची शक्यता आजही आहे. एक्स्चेंजच्या नकाशावर उत्तर गोवा महाराष्ट्र-गुजरातच्या विभागात येतो, दक्षिण गोवा कर्नाटक-आंध्रच्या. मधल्या तारा भरल्या, तर त्या पंधरा मिनिटांपुरता बाजारात पणजीचा भाव एक असतो आणि मडगावचा दुसरा.