स्टार्टरमधल्या चुंबकाचा जोर किती? चला, हिशेब मांडू

उन्हाळी धानाच्या दिवसांत कामठ्याच्या शिवारात बांधीला पाणी मिळतं ते मोटरच्या भरवशावर. व्होल्टेज उतरलं की स्टार्टर 'खट्' करून पडतो. पुन्हा बटन दाबलं तरी पुन्हा पडतो. मग कुणीतरी झाकण उघडून आतली पट्टी काडीनं दाबून ठेवतं. पाणी सुरू होतं, पण मोटर जळण्याचा आणि माणसाच्या जिवाचा धोकाही तिथूनच सुरू होतो. स्टार्टर का पडतो, हे कळलं की ती काडी का लावू नये, तेही कळतं. त्यासाठी आज आपण विजेच्या चुंबकाचा जोर मोजायला शिकू.

स्टार्टरमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला आपण कॉइल म्हणतो. कॉइलमधून वीज गेली की लोखंड चुंबक होतं आणि समोरची पट्टी ओढून धरतं. पट्टी ओढली गेली की मोटरची वीज जोडली जाते. पट्टीला मागे ढकलायला स्प्रिंग असते. म्हणजे ही रस्सीखेच झाली. एका बाजूला चुंबक, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. चुंबकाचा जोर कमी पडला की पट्टी सुटते.

असा चुंबक पहिल्यांदा केला इंग्लंडच्या विल्यम स्टर्जननं, १८२५ साली. तो जोडे शिवायचं काम शिकलेला माणूस. त्याच्या सुमारे २०० ग्रॅमच्या लोखंडानं ४ किलो वजन उचललं. पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं तारेवर वेष्टण चढवून कितीतरी जास्त फेरे दिले, आणि १८३१ साली त्याच्या चुंबकानं ९०० किलोहून जास्त वजन पेललं.

जोर चार गोष्टींवर ठरतो: तारेचे फेरे, तारेतली वीज, चुंबक आणि पट्टी यांच्यामधली फट, आणि चुंबकाच्या तोंडाचा आकार. आता वही घ्या. बॅटरीवर चालणारा, घोड्याच्या नालेसारखा दोन तोंडांचा चुंबक धरू.

पहिली पायरी. फेरे २००, वीज २ ॲम्पिअर. दोन्हींचा गुणाकार ४००.

दुसरी पायरी. दोन्ही तोंडांजवळची फट मिळून १ मिलिमीटर. ४०० ला फटीनं भागा, मग ८०० नं भागा. उत्तर येतं अर्धा, म्हणजे अर्धा टेस्ला. वजन जसं किलोत, तसा चुंबकपणा टेस्लात मोजतात.

तिसरी पायरी. १ टेस्ला असेल तर तोंडाच्या दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४ किलोचा जोर मिळतो. पण इथे चुंबकपणाचा वर्ग करायचा, म्हणजे त्याला त्यानंच गुणायचं. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव. ४ किलोचा पाव म्हणजे १ किलो. दोन्ही तोंडं मिळून ८ चौरस सेंटीमीटर असतील, तर एकूण जोर ८ किलो.

आता वीज निम्मी करा, २ ऐवजी १ ॲम्पिअर. जोर ४ किलो राहील असं वाटतं ना? नाही. तो उरतो फक्त २ किलो. फट दुप्पट केली तरी तेच, २ किलो. निम्मं केलं तर जोर चौथाई होतो, ही आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट. उलट, फेरे वाढवत गेलं तर जोर वाढतो, पण कायम नाही. दीड-दोन टेस्लाच्या आसपास लोखंडाचं पोट भरतं. पुढे तार फक्त तापते.

स्टार्टरला एसी वीज असते. तिथे चुंबकपणा व्होल्टेजच्या मापानं कमी-जास्त होतो, आणि जोर त्याच्या वर्गानं. ४१५ व्होल्टची कॉइल आहे आणि व्होल्टेज २९० वर आलं. म्हणजे शंभरातले सत्तर उरले. जोर मात्र शंभरातला एकोणपन्नासच, निम्म्याहून कमी. स्प्रिंग तेवढीच आहे. मग पट्टी सुटणारच.

हे सुटणं आपल्या भल्याचं आहे. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त वीज ओढते आणि तापते. तीनपैकी एक फेज गेला तर ती आणखी लवकर जळते. अशा वेळी ओव्हरलोड रिले कॉइलची वीज तोडतो आणि पट्टी सोडवतो. पट्टीला काडी लावली असेल तर रिलेनं वीज तोडूनही काही होत नाही, मोटर चालूच राहते. शिवाय लाइट गेल्यावर कुणी विहिरीत उतरलं किंवा मोटरला हात लावला आणि अचानक लाइट आली, तर मोटर आपोआप सुरू होते.

मग करायचं काय? स्टार्टर घरघरत असेल तर गाभ्याच्या तोंडावर धूळ किंवा गंज असू शकतो. पट्टी नीट बसत नाही, फट राहते आणि कॉइल तापते. मेन स्विच बंद करून वायरमनकडून तोंड साफ करून घ्या. कॉइल किती व्होल्टची आहे ते त्याला विचारा. आपल्याकडे व्होल्टेज किती येतं ते मीटर लावून मोजायला सांगा आणि वहीत तारीख, वेळ घालून लिहा. रोजच कमी येत असेल तर तक्रार एकटीनं न करता गटाच्या नावानं, आकड्यांसह लेखी द्या. आणि काडी दिसली की काढायला लावा, पण आधी मेन स्विच बंद करून.