चिमुकल्या चित्रांना छाया कशी द्यावी ?



दिवाळी जवळ आली म्हणजे कुंभारवाड्यांतून व बाजारांतून किल्ल्यावर मांडावयाचीं चित्रें दिसूं लागतात. ढाल-तलवार घेतलेले मावळे, घोडेस्वार, तोफेजवळ उभा असलेला गोलंदाज, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, हीं सारीं चित्रें मुलें मोठ्या हौसेनें घरीं आणतात. परंतु किल्ल्यावर मांडल्यानंतर थोडें दूर उभें राहून पाहिलें, तर पुष्कळदां असें वाटतें, कीं या मावळ्याला चेहरा आहे, पण डोळ्यांच्या खोबणी नाहींत. धोतर आहे, पण त्याला निऱ्या नाहींत. वास्तविक कारागिरानें त्या निऱ्या घडविलेल्या असतात; सपाट, चकचकीत रंगाखालीं त्या लोपून गेलेल्या असतात. त्या पुन्हां दृष्टीस आणण्याची एक सोपी युक्ति आहे. चित्रें रंगविणारे तिला वॉश म्हणतात. आपण तिला छायेचा हात म्हणूं.

प्रथम एक शंका मनांत येते. खऱ्या माणसाच्या अंगावर छाया आपोआप पडते. मग चित्रावर ती रंगानें कां द्यावी? याचें उत्तर गणितांत आहे. सहा फूट उंचीचा माणूस एक इंच उंचीच्या चित्रांत उतरविला, तर बहात्तरास एक असें प्रमाण पडतें. अंगरख्याची दोन इंच खोल घडी या प्रमाणांत इंचाचा छत्तिसावा भाग, म्हणजे एक मिलिमीटरहूनहि कमी खोल होते. घरांत किंवा अंगणांत प्रकाश चोहोंकडून येत असतो. इतक्या उथळ खाचेंत अंधार ठरत नाहीं. किल्ल्यावरील चित्रें एक इंचाहून मोठीं असतात खरीं, तथापि न्याय तोच. आकार लहान झाला, कीं छाया दुबळी होते. म्हणून ती रंगानें पुरी करावी लागते.

छायेचा हात म्हणजे गडद रंगाचें अतिशय पातळ मिश्रण. तें चित्रावर फिरविलें, कीं उंचवट्यांवरून ओघळतें आणि खाचांत जाऊन बसतें. दिव्याच्या वातींत तेल चढतें, किंवा दोन कांचांच्या अरुंद फटींत पाणी वर ओढलें जातें, त्याला शास्त्रांत केशाकर्षण म्हणतात. तेंच केशाकर्षण येथें आपलें काम करतें. निरीची रेघ, बोटांमधील फट, पगडीचा पीळ, या अरुंद जागा मिश्रण आपणहून ओढून घेतात. कुंचल्यानें जी रेघ काढतांना हात कांपेल, ती येथें निसर्गच काढून देतो.

मग रंगांत नुसतें पाणी घालून काम कां भागत नाहीं ? याचीं कारणें दोन. पहिलें असें, कीं पाण्याचा पृष्ठताण मोठा असतो. गुळगुळीत रंगावर पातळ पाणी पसरत नाहीं. अळवाच्या पानावरील थेंबांसारखे त्याचे थेंब बनतात. दुसरें कारण आपण रोज पाहतों. चहाचा थेंब मेजावर सांडून सुकला, म्हणजे मध्यें फिकट डाग आणि कडेला गडद वर्तुळ राहतें. १९९७ सालीं शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत याची मीमांसा प्रसिद्ध केली. थेंबाची कड जागीं चिकटून राहते व तेथील पाणी लवकर उडतें. तें भरून काढण्यासाठीं आंतील पाणी कडेकडे वाहत जातें, आणि जातांना आपल्याबरोबर कण घेऊन जातें. पातळ रंगाचेंहि असेंच होतें. छाया खाचेंत बसावयाची, ती पाठीवर अगर गालावर वर्तुळ काढून बसते.

येथें हळू सुकणाऱ्या मिश्रणाचा उपयोग कळतो. पूर्वीचे चित्रकार छायेसाठीं तैलरंग टर्पेंटाइनमध्यें पातळ करून वापरीत, आणि आजहि कित्येक वापरतात. तो रंग तासन् तास ओला राहतो; त्यामुळें चुकलेला डाग पुसतां येतो, कड मऊ करतां येते. पाण्यांत मिसळणारे कलावंतांचे ॲक्रिलिक रंग १९५५ सालीं अमेरिकेंत लिक्विटेक्स या नांवानें बाजारांत आले. या रंगांत राळेचे अतिसूक्ष्म कण दुधांतील स्निग्धांशाप्रमाणें पाण्यांत तरंगत असतात. पाणी उडालें, कीं ते कण एकमेकांस भिडून एकजीव होतात, आणि मग तो थर पाण्यानें विरघळत नाहीं. म्हणूनच सुकलेल्या ॲक्रिलिकवर दुसरा पातळ हात निर्धास्तपणें देतां येतो. मात्र हा रंग कांहीं मिनिटांतच सुकतो. पायाच्या रंगाला हा गुण होय. छायेला तो दोष होतो.

तो दोष घालविण्यासाठीं रिटार्डर नांवाचें द्रव्य मिळतें. त्यांत बहुधा प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा तत्सम पदार्थ असतो. तो स्वतः सावकाश उडतो व पाण्यालाहि धरून ठेवतो. याचें प्रमाण बाटलीवर लिहिलेलें असतें, तें ओलांडूं नये. जास्त घातल्यास थर दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. औषधाच्या दुकानांतील ग्लिसरीननेंहि रंग ओला राहतो, परंतु तें उडून जात नाहीं. म्हणून त्याचा चिकटपणा मागें उरतो. हवामानाचाहि विचार करावा. विदर्भांतील उन्हाळ्यांत रिटार्डरची गरज अधिक. कोंकणांतील पावसाळ्यांत हवाच ओलसर असल्यामुळें पुष्कळदां त्यावांचून चालतें.

आतां कृति. कच्च्या शाडूचें चित्र पाण्यानें मऊ पडतें, आणि भाजलेली माती किंवा प्लॅस्टर ओल तत्काळ शोषून घेतें. याकरितां आधीं ॲक्रिलिक रंगाचे दोन हात सर्वांगास द्यावे व एक दिवस सुकूं द्यावें. पायाचा रंग पोस्टर-कलरचा असेल, तर तो पाण्यानें पुन्हां सुटतो आणि छायेच्या जागीं चिखल होतो. बाजारांतील चित्राचा रंग कोणता, हें ओलें फडकें तळाशीं घांसून पाहावें. फडक्याला रंग लागला, तर ॲक्रिलिक व्हार्निशचा एक हात अगोदर द्यावा. तो फवाऱ्यानें दिल्यास बरें. कुंचल्यानें देणें झालें, तर न घांसतां हलकेच द्यावा. व्हार्निश अर्धवट चकाकीचें घ्यावें. अगदीं खरबरीत पृष्ठभागावर मिश्रण सर्वत्र डाग पाडतें, आणि आरशासारख्या पृष्ठभागावर तें ठरत नाहीं.

वाटींत एक भाग रंग, चार भाग ॲक्रिलिक मीडियम आणि चार भाग पाणी घ्यावें, व त्यांत रिटार्डरचे थोडे थेंब टाकावे. मीडियम म्हणजे रंगावांचूनची राळ होय. ती नसेल, तर नुसत्या पाण्यानें रंगाचे कण सुटे पडतात. संपूर्ण चित्र एकदम भिजवूं नये. प्रथम धोतर, मग अंगरखा, मग चेहरा, असें एकेक अंग घ्यावें. मिश्रण खाचेजवळ टेकवावें आणि तें आपोआप धांवूं द्यावें. नंतर दुसरा स्वच्छ, किंचित् ओला कुंचला घेऊन नाक, गाल, गुडघे, घड्यांचे माथे येथील रंग टिपून घ्यावा. जेथें तळें साचलें असेल, तेथें कुंचल्याचें टोंक टेकवावें, म्हणजे अधिक झालेलें वर ओढलें जातें. ही टिपण्याची संधि मिळावी, एवढ्याचसाठीं सारा हळू सुकण्याचा खटाटोप आहे. कुंचला ओठांनीं टोंकदार करण्याची मुलांची संवय मात्र या कामांत सोडवावी.

थर अर्धवट सुकला असतां त्याला हात लावूं नये, नाहीं तर त्याची साल निघते. सुकला कीं नाहीं हें बोटाच्या पाठीनें पाहावें. पाणी उडत असेपर्यंत पृष्ठभाग गार लागतो. पहिली छाया फिकट वाटली, तर दुसऱ्या दिवशीं दुसरा हात द्यावा. एका दाट हातापेक्षां दोन पातळ हात केव्हांहि चांगले.

छाया म्हणजे काळा रंग, ही समजूत सोडून द्यावी. त्वचेला तांबूस तपकिरी, पिवळ्या व तांबड्या वस्त्राला गडद तपकिरी, पांढऱ्या धोतराला फिकट करडी, आणि पोलादी पात्याला निळसर काळी छाया शोभते. पांढऱ्यावर काळें दिलें, तर निरी दिसत नाहीं, मळ दिसतो.

याच मिश्रणानें जुनेपणाहि दाखवितां येतो. पण तेथें प्रत्येक डागाला कारण असलें पाहिजे. पाऊस वरून खालीं वाहतो, म्हणून तटावरील ओघळ उभे असावे. एक बारीक रेघ ओढून ती ओली असतांनाच कुंचल्यानें खालीं ओढली, म्हणजे ओघळ होतो. धूळ खालून वर चढते, म्हणून ती घोड्याच्या खुरांशीं दाट व पोटाशीं विरळ असावी. गंज दाराच्या खिळ्यांखालीं, काजळी तोफेच्या तोंडाशीं, आणि पायरीची झीज मधोमध. सह्याद्रीवरील गडांचा काळा पत्थर आणि कोंकणांतील तांबडा जांभा यांचे डाग सारखे नसतात. २०२५ च्या जुलैमध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले; त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत असून बारावा तामिळनाडूंतील जिंजी होय. मुलांना यांतील एखादा गड दाखवावयास नेलें, तर तटावरील पाण्याचे ओघळ कोठून सुरू होतात, तें त्यांना पाहावयास सांगावें.

यावर घरांतील वडील मंडळी विचारतील, ‘नवें कोरें चित्र मळवितां कशाला ?’ त्यांचा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. छाया आणि मळ यांत भेद आहे. छाया आकार दाखविते. मळ त्या वस्तूचा इतिहास सांगतो. मावळ्याच्या पायांवर धूळ असावी, कारण तो डोंगर चढून आलेला आहे. परंतु गडाच्या माथ्यावर सिंहासनावर बसविलेली शिवछत्रपतींची मूर्ति धुळीनें माखूं नये. तिच्या वस्त्राच्या घड्यांना व मुखाला कोमल छाया द्यावी, आणि तेथेंच थांबावें. कोठें हात आवरावयाचा, हें मुलांना येथें शिकवितां येतें.

आणखी एक लाभ आहे. पुष्कळ घरांत हीं चित्रें दिवाळी संपतांच कोपऱ्यांत पडतात आणि पुढल्या वर्षीं नवीं येतात. ज्या चित्रावर मुलानें चार संध्याकाळ बसून छाया दिली, तें चित्र तें मूल सहसा टाकीत नाहीं. कापसांत गुंडाळून पेटींत ठेवतें. ज्या कुंभारानें निरी घडविली, तिची निरी आतां कोणीतरी नीट पाहिलेली असते. या दिवाळीस एकच मावळा घ्यावा, आणि घाई न करतां तो पुरा करावा.