कंपवाताचे औषध आणि मनाचा लगाम

साठी उलटलेले गृहस्थ सकाळी सदऱ्याची गुंडी लावू पाहतात. बोटे थरथरतात, गुंडी काजात जात नाही. चालू म्हटले तर पाऊल जमिनीला खिळून राहते. हे दृश्य पुष्कळांनी घरी वा शेजारी पाहिले असेल. यालाच आपण कंपवात म्हणतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे रीतसर वर्णन केले, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

रोगाचे मर्म उमगण्यास मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पीन दिले. हे द्रव्य आपल्या सर्पगंधेच्या मुळीत सापडते. ससे निश्चल झाले. पण डोपा नावाचे द्रव्य टोचताच पुन्हा हालू लागले. १९६० साली व्हिएन्नाच्या होर्निकीविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालीच्या केंद्रात डोपामीन फारच थोडे उरलेले आढळले.

डोपामीन म्हणजे एक किल्ली आहे असे समजू. मेंदूतील विशिष्ट पेशींवर तिची कुलुपे असतात. ती उघडली की हालचाल सुरळीत होते. कंपवातात किल्ल्या घडविणारे कारागीरच हळूहळू नाहीसे होतात. यावर उपाय दोन. लेव्होडोपा देणे म्हणजे उरलेल्या कारागिरांना कच्चा माल पुरविणे. दुसरा उपाय असा की, त्याच कुलुपाला लागणारी निराळी किल्ली बाहेरून तयार करून द्यावी. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे म्हणजे अशा तयार किल्ल्या. यांना डोपामीन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. पायांची रात्रीची असह्य चुळबूळ शमविण्यासाठीही ती देतात. आणि याच कुळातील ब्रोमोक्रिप्टीन व कॅबर्गोलीन ही औषधे पीयूषिका ग्रंथीच्या काही गाठींवर गुणकारी ठरली आहेत.

गुण आला तसा दोषही आला. मळमळ, उभे राहताच घेरी, पायांवर सूज, वृद्धांना भास होणे, हे डॉक्टर सांगतात. एकाएकी झोप लागण्याचा धोकाही असतो. म्हणून वाहन चालविणाऱ्याने विशेष जपावे. परंतु आम्हांला आज ज्याविषयी मुख्यतः बोलावयाचे आहे तो दोष याहून निराळा आहे, कारण तो रुग्ण सहसा स्वतः होऊन सांगत नाही.

डोपामीनची कुलुपे केवळ हालचालीच्या दालनात नसतात. हौस, ओढ, बक्षिसाची आशा यांच्या दालनातही असतात. बाहेरून आलेली किल्ली तीही उघडते. मग जन्मभर पत्त्यांना न शिवलेला माणूस जुगारात पैसे घालवू लागतो. कोणी गरज नसता खरेदी करीत सुटतो, कोणी अनावर खातो, कोणाची कामवासना बेफाम होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील तीन हजारांहून अधिक कंपवात-रुग्णांच्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांत असे वर्तन आढळले. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही. पण ज्याला होतो त्याचे घर बुडू शकते.

अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘म्हातारपणी बुद्धी फिरली!’ रुग्णही लाजेने गप्प बसतो, कर्ज लपवितो. वास्तविक हा शीलाचा दोष नव्हे, औषधाचा परिणाम होय. मात्रा कमी केली वा औषध बदलले की तो बहुधा ओसरतो. तथापि घाबरून औषध एकदम बंद करू नये. तसे केल्यास अंग ताठरते, जीव कासावीस होतो, मन खचते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

म्हणून आमची विनंती एवढीच की, औषध सुरू होते त्याच दिवशी हे बोलणे व्हावे, आणि ते घरच्यांच्या देखत व्हावे. मनाचा लगाम सुटल्याचे सुटणाऱ्याला अनेकदा कळत नाही. ते शेजारी बसलेल्याला आधी दिसते. ज्या माणसाने दोष न देता ते ओळखले आणि वेळीच डॉक्टरांच्या कानावर घातले, त्याने गोळीइतकेच औषध दिले असे आम्ही समजतो.