कातडे कमावणाऱ्याचे रसायनशास्त्र कोणत्या दालनात?

विज्ञान संग्रहालय म्हणजे सायन्सच्या पोरांची सहल, असा समज आपल्या शाळा-कॉलेजांत पक्का बसला आहे. मुंबईच्या वरळीतील नेहरू विज्ञान केंद्र विज्ञान शाखेच्या वाट्याला येते, कला शाखेच्या वाट्याला एखादा किल्ला नाहीतर देऊळ. मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीने विज्ञान केंद्रात जाऊन करायचे काय, असे आम्हाला हसत हसत विचारले जाते. आमचे म्हणणे असे की तिने गेलेच पाहिजे. तिला विज्ञान केंद्राची जेवढी गरज आहे, तेवढीच विज्ञान केंद्राला तिची आहे.

आपल्याकडे शाखांचीही एक वर्णव्यवस्था झाली आहे. वर सायन्स, मध्ये कॉमर्स, तळाला आर्ट्स. तळाला बसलेली पोरे बुद्धीने कमी म्हणून तिथे बसलेली नाहीत. खासगी क्लासची फी, प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजचे अंतर, घरातली मजुरी, या सगळ्याचा हिशेब करून शेतमजुराची, कारागिराची मुलगी आर्ट्सचा फॉर्म भरते. दहावीनंतर विज्ञानाचा दरवाजा तिच्यासाठी बंद होतो आणि 'तो तुझा विषयच नाही' असे तिला सांगितले जाते. हे वाक्य आपल्या आजा-पणजांनी फार वेगळ्या ठिकाणी ऐकलेले आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे, याचे स्मरण येथे ठेवावे.

आता कायद्याचे पाहू. संविधानाच्या कलम ५१-क मधील (ज) हे उपकलम मूळ संविधानात नव्हते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आले. ते मूलभूत कर्तव्य आहे, न्यायालयातून सक्तीने अमलात आणता येत नाही, हेही खरे. परंतु त्याची रचना पाहा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणेची वृत्ती या गोष्टी तिथे एकाच ओळीत आहेत. हे कर्तव्य प्रत्येक नागरिकाचे आहे. त्यात 'बारावी सायन्स उत्तीर्ण' अशी अट नाही. याच कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. ते वकील होते, शास्त्रज्ञ नव्हते. पुरावा मागण्याची सवय ही प्रयोगशाळेपुरती बाब नाही, हे या शहराला वेगळे सांगायला नको.

आमच्या ओळखीची, एम. ए. मराठीची एक विद्यार्थिनी कोल्हापुरातून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेली आणि पुढचा दिवस तिने वरळीच्या केंद्रात काढला. १९८५ पासून लोकांसाठी खुले असलेल्या या केंद्राच्या आवारात वाफेचे जुने इंजिन आहे. इतर मुले इंजिनापाशी फोटो काढत होती. हिने विचारले, यात कोळसा टाकणाऱ्याचे नाव कुठे आहे? शोध कोणाचा, साल कोणते, हे आपण पाठ करतो, पण भट्टीपुढे उभा राहून ज्याचे अंग भाजले तो कुठल्याच पाटीवर नसतो. हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहसा सुचत नाही, कारण कथेत कोण बोलतो आणि कोणाला गप्प ठेवले जाते हे वाचायला त्याला कोणी शिकवलेले नसते. साहित्याच्या विद्यार्थिनीला ते शिकवलेले असते. दलित आत्मकथनांनी तर तेच शिकवले.

ही मुलगी चप्पल-कारागिराच्या घरातली. तिने आम्हाला एका शब्दाकडे लक्ष द्यायला सांगितले : कमावणे. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडेही कमावतात. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सुटे करायचे, आतले मांस खरवडायचे, मग हिरडा आणि बाभळीची साल यांच्या अर्कात ते मुरवायचे. कातड्याची पिशवी शिवून, टांगून, तिच्यात हा अर्क भरण्याचीही रीत आहे. साल आणि हिरड्यातले टॅनिन कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाशी जखडले जाते, म्हणून कातडे कुजत नाही. हे रसायनशास्त्र आहे. ते पिढ्यान् पिढ्या हातांनी केले, पण त्याला विज्ञान कोणी म्हटले नाही. विटाळ म्हटले. ज्याने कातडे कमावले त्याच्या वाट्याला दुसरी कुठलीच कमाई आली नाही.

याचा अर्थ जातीच्या धंद्याचा गौरव करा, असा कोणी काढू नये. मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावले होते आणि ते योग्यच होते. ज्ञानाचे श्रेय देणे वेगळे आणि त्या कामाला माणूस जन्माने जुंपणे वेगळे. संग्रहालयातल्या पाटीवर दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत : ही प्रक्रिया अशी चालते, आणि ती करणाऱ्यांना गावाबाहेर ठेवले गेले. पहिली ओळ विज्ञानाची, दुसरी मानवतावादाची. संविधानाने त्या एकत्र ठेवल्या आहेत, आपण तोडू नयेत. श्रेयाची पाटी नसली की काय होते हे जून २०२५ मध्ये जगाने पाहिले. मिलानमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. टीका झाल्यावर भारतीय प्रेरणा मान्य केली.

आता दुसरी बाजू. साहित्याच्या विद्यार्थिनीनेही विज्ञान केंद्रातून काही घेऊन यायचे आहे. तिथे ग्रंथात लिहिले आहे म्हणून कोणी मानत नाही. कळ दाबा, चाक फिरवा आणि स्वतः पाहा. 'हे तुला कशावरून कळले?' हा प्रश्न पोथीला विचारायचा, पुढाऱ्याला विचारायचा आणि आपल्या आवडत्या लेखकालाही विचारायचा.

ही दोन घरे एक होऊ शकतात, याचा दाखला कोल्हापूरनेच दिला आहे. १९३८ साली येथे जन्मलेल्या जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. पुढे २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये ते गेले. शास्त्रज्ञ साहित्याच्या मांडवात बसू शकतो, तर साहित्याची विद्यार्थिनी विज्ञानाच्या दालनात परकी का?

नेहरू विज्ञान केंद्र ज्या राष्ट्रीय परिषदेचे आहे, ती परिषद केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली येते. म्हणजे सरकारी कागदावरसुद्धा विज्ञान संग्रहालय हा संस्कृतीचा भाग आहे. मग आमच्या मागण्या साध्या आहेत. महाविद्यालयांनी विज्ञान केंद्राच्या सहलीत कला शाखेच्या मुलामुलींना घ्यावे, आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांचा खर्च समाजकल्याणच्या वसतिगृहांनी आणि आपल्या संघटनांनी उचलावा. कोल्हापुरात सुभाषनगर-जवाहरनगरच्या कारागिरांना सोबत घेऊन कातडे कमावण्याच्या विज्ञानाचे एक दालन उभे राहावे. त्याच्या पाट्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी लिहाव्यात आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तपासाव्यात. शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तिथे ही मागणी मोठी नाही.